रोबलच्या चाकावरचा टायर : लाखेने पक्का कसा बसवायचा

म्युनिकचा थाडेउस रोबल १९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ दोन वर्षे व्यावसायिक स्टेयरांचा विश्वविजेता होता. स्टेयर म्हणजे पेसिंग मोटरसायकलच्या आडोशाला राहून वारा चुकवत सायकल हाणणारा. सायकलला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, म्हणजे चाक फिरते तोवर पेडलही फिरतच राहते. त्या वेगात टायर रिमवरून सुटला तर माणूस खाली, आणि मागून दुसऱ्याची मोटर येतेच आहे. कोलोनचा विली श्मिटर १९०५ मध्ये लाइपझिगच्या ट्रॅकवर पडून दगावला. रोबल ट्रॅकवरून वाचला, पण १८ जून १९१० रोजी श्टेटिनला विमान कोसळून गेला.

त्या काळची ट्रॅक सायकल पुन्हा उभी करताना टायरच्या जोडावर सगळ्यात जास्त वेळ द्या. रबरी सोल्युशन कायम किंचित मऊ राहते, त्यामुळे ट्युब्युलर टायर (ट्यूब आत शिवून टाकलेला, रिमवर चिकटवायचा टायर) रिमवर सतत सूक्ष्म हलतो आणि पायातली ताकद खातो. चपडा लाख वाळली की काचेसारखी कडक होते. तेव्हा जगाला लागणारी बहुतेक लाख कलकत्ता बंदरातूनच जात असे. मात्र रिमवर ब्रेक लागणाऱ्या रस्त्याच्या सायकलला ती वापरू नका. रिम तापली की लाख मऊ पडते.

टायर आधी कोराच रिमवर चढवून, हवा भरून दोन दिवस ताणत ठेवा. तोवर १०० ग्रॅम मेण काढलेला चपडा ४०० मिली पॉलिशच्या स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा, अधूनमधून हलवा आणि फडक्यातून गाळा. जवळपास विस्तव नको. एक थेंब काचेवर टाकून दुसऱ्या दिवशी नखाने दाबून बघा. नख रुतले तर चपडा जुना आहे, फेकून द्या. तो कितीही दिवस ठेवला तरी कडक होणार नाही.

मग टायर उतरवा आणि रिमवरचा जुना थर खरवडून १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा. लाकडी रिम असेल तर हात आणखी हलका ठेवा. मग स्पिरिटने पुसून लाखेचे पाच पातळ हात द्या, दिवसाला एकच. घाईने जाड थर दिला तर वरची साय वाळते आणि आतले स्पिरिट अडकून राहते. जोड सुटण्याचे मुख्य कारण हेच. टायरमध्ये थोडी हवा भरली की तो उलटतो आणि तळपट्टी, म्हणजे रिमला टेकणारी कापडी पट्टी, बाहेर येते. तिलाही तीन हात द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत लाख पांढुरकी पडते आणि तिची पकड जाते.

शेवटचा हात दाट लाखेचा, १०० ग्रॅमला २०० मिली स्पिरिट. तो चिकट झाला की चाक उभे धरा, व्हॉल्व्ह वरच्या भोकात घाला आणि दोन्ही हातांनी टायर खाली ओढत ओढत आणा. शेवटची वीतभर जागा अंगठ्यांनी उचलून चढवावी लागते. अर्धी हवा भरा, चाक फिरवा आणि तळपट्टीची कड दोन्ही बाजूंना सारखी दिसेपर्यंत टायर सरळ करा. मग टायरला आणि रिमला सोसेल तेवढा पूर्ण दाब द्या आणि चाक तीन दिवस हलवू नका.

पेसिंग मोटरसायकलमागे धावायचे असेल तर एवढ्यावर थांबू नका. मांजरपाटाच्या बोटभर रुंद पट्ट्या लाखेत बुडवा आणि स्पोकांमधल्या जागांतून टायर-रिमभोवती घट्ट गुंडाळा. टायर फुटला तरी तो चाकावरच राहावा, यासाठी स्टेयर मंडळी टायर असे बांधत.

पट्ट्या बांधण्याआधी हवा सोडून टायर अंगठ्याने आडवा रेटून पाहा. बहुतेक वेळा तळपट्टी व्हॉल्व्हजवळ उचलली जाते, कारण तिथे टायर नीट टेकत नाही. कुठेही नखभर फट दिसली तर टायर काढा आणि सगळे पुन्हा करा. जुनी लाख ठिसूळ होऊन दाबल्यावर करकरते. तसा आवाज आला की तो हंगाम त्या चाकावर काढू नका.