आधी धूळ, मग फडकं: स्मार्टवॉचच्या काचेची निगा

चिपळूणच्या बाजारात आमचं घड्याळांचं दुकान वडिलांपासून चालत आलंय. हल्ली टिकटिक करणारी घड्याळं कमी येतात, स्मार्टवॉच जास्त. गिऱ्हाईक काउंटरवर घड्याळ ठेवतं आणि ठरलेलं वाक्य म्हणतं, ‘एकदाही पडलं नाही हो, तरी काचेवर चरे कसे?’ मी उलट विचारतो, ‘पुसता कशाने?’ शर्टाच्या टोकाने, ओढणीने, नाहीतर नुसत्या अंगठ्याने. बारीक चरे बहुतेक तिथेच पडतात. काचेवर बसलेली धूळ फडक्याखाली सापडते आणि आपण ती जोर लावून घासतो.

खनिजांचा कठीणपणा मोजायची मोह्सची पट्टी १ ते १० असते. साधी किंवा टफन केलेली काच तिच्यावर साडेपाच-सहाच्या आसपास बसते, आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७. म्हणजे वाळूचा एक कण पुरतो. रस्त्याच्या धुळीत हे कण असतातच; आमच्याकडे महामार्गाच्या कामापायी तर तोटाच नाही. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यातही क्वार्ट्झ असतं, म्हणून ओट्यावर घड्याळ पालथं ठेवू नका.

सॅफायरची काच ९ वर असते. ॲपलच्या स्टील आणि टायटॅनियमच्या घड्याळांना आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉच ५ पासूनच्या मालिकांना ती मिळते. ॲपलच्या ॲल्युमिनियमच्या घड्याळांना मात्र आयन-एक्स नावाची काच असते, ती सॅफायर नव्हे. सॅफायरला वाळूने सहसा काही होत नाही, पण ती ठिसूळ. दगडी पायरीवर कड आपटली तर तडकू शकते.

किल्लीला लोक उगीच घाबरतात. किल्लीचा धातू साधारण काचेहून मऊच असतो. काचेवर करडी रेघ दिसली तर ती कित्येकदा घासून राहिलेल्या धातूची असते आणि ओल्या फडक्याने निघून जाते. खात्री करायची तर रेघेवरून नख आडवं फिरवा. अडकलं तर चरा खोल आहे.

आता साफ करायची रीत. घड्याळ चार्जरवरून काढा, बंद करा, पट्टा सोडवा. पाठीवर काय कोरलंय ते बघा. ‘५ एटीएम’ किंवा ‘आयपी६८’ (घड्याळ पाणी सोसतं याच्या खुणा) लिहिलेलं असेल, काच कुठे तडकलेली नसेल आणि घड्याळ पूर्वी उघडलेलं नसेल, तर नळाची बारीक धार सोडा आणि घड्याळ तिरकं धरून दहा-पंधरा सेकंद पाणी काचेवरून वाहू द्या. बोट लावायचं नाही, पाण्यालाच धूळ नेऊ द्यायची. पाणी साधं किंवा जेमतेम कोमट. घड्याळ पाणी सोसणारं नसेल किंवा शंका असेल, तर मऊ कुंचल्याने कडेकडेची धूळ झटका. बायका डोळ्यांच्या मेकअपला वापरतात तसला एक कोरा ब्रश आमच्या दुकानात याच कामाला ठेवलाय. मग मायक्रोफायबरचं फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि काचेवर नुसतं टेकवून उचला. तसं दोनदा करा, दरवेळी फडक्याची नवी घडी घ्या. त्यानंतरच पुसायचं, तेही एका दिशेने आणि हलक्या हाताने. शेवटी कोरडी घडी.

चष्म्यासोबत मिळणारं फडकं चालतं, मात्र ते धुतलेलं हवं. महिनोन् महिने पर्सच्या तळाशी पडलेलं फडकं म्हणजे सँडपेपरच. धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, फडकं तेलकट होतं आणि काचेवर धुरकट पट्टे उमटतात. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याने फिरवा, नाहीतर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात.

खोबरेल, सनस्क्रीन, भज्यांचा हात असला चिकटपणा पाण्याने जात नाही. त्यासाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घ्या, घड्याळावर फवारू नका. ॲपल आपल्या घड्याळांना त्याचे वाइप्स चालतात असं सांगतं. इतर कंपन्यांचं माहितीपुस्तक एकदा बघा. चामड्याच्या किंवा कापडी पट्ट्याला मात्र ते लावायचं नाही. हातावरचं जेल सॅनिटायझर हा त्याला पर्याय नव्हे, त्यातलं ग्लिसरीन काचेवर चिकट थर सोडतं.

काचेवर तेल धरू न देणारा एक अतिपातळ थर असतो. तो शाबूत आहे का, हे थेंबाने कळतं. पाण्याचा थेंब गोल मण्यासारखा उभा राहिला तर थर आहे. पसरून सपाट झाला तर गेला. नेलपॉलिश रिमूव्हर आणि काचा पुसायचे अमोनियावाले स्प्रे त्याचा निकाल लावतात. वडील यंत्राची चाकं पेट्रोलमध्ये धूत असत, त्या आठवणीने कुणी स्मार्टवॉचला पेट्रोल लावायला जातं. कृपा करा, आतला डिंक आणि रबर त्याला टिकत नाही. चऱ्यांवर टूथपेस्ट घासायचा उपाय तर दर दुसऱ्या गिऱ्हाइकाला माहीत असतो. पेस्टमध्ये दात घासायला बारीक भुकटी असते. तिने चरा भरत नाही, उरलेला थर तेवढा जातो आणि काच मधोमध अंधूक दिसायला लागते.

स्पीकरच्या भोकात टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो. पाणी गेलं असेल तर ॲपल आणि सॅमसंगमध्ये वॉटर लॉक (पाण्यात टच बंद ठेवणारी सोय) बंद करताना घड्याळ आवाज काढून पाणी बाहेर टाकतं. बाकीची घड्याळं भोक खाली करून तळहातावर हलकी आपटा. हेअर ड्रायर नको, काच धरून ठेवणारा डिंक सैल होतो. गुहागरला समुद्रात उतरलात तर खोलीवर आल्यावर आधी गोड्या पाण्याखाली धरा. आणि साबणाने अंघोळ करताना घड्याळ काढूनच ठेवा, ५ एटीएम असलं तरी. साबणाने पाणी फटीत सहज शिरतं आणि रबरी सीलही खराब होतं.

गार्ड घ्यावा का? साधी काच असेल तर घ्या, सॅफायरला गरज नाही. पाकिटावर ‘९एच’ वाचून हुरळू नका. तो पेन्सिलीने खरवडायच्या चाचणीचा आकडा आहे, मोह्सचा ९ नव्हे. सपाट काचेला टेम्पर्ड गार्ड बरा. कडा गोलाकार असतील तर टेम्पर्ड कडेला धरत नाही, तिथे हायड्रोजेल म्हणून विकतात ती मऊ फिल्म घ्या. यूव्ही दिव्याखाली घट्ट होणाऱ्या पातळ गोंदाचा गार्ड मी घड्याळाला लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी. गोंद ओघळून बटणात आणि माइकच्या भोकात जातो. वरून बसणारं काचेसकट कव्हर वापरत असाल तर ते अधूनमधून काढून आतलं पुसा. आत घाम साठला की स्क्रीन आपोआप हलायला लागते आणि लोक समजतात टच गेला.

गार्ड घरी लावायचा तर पंखा बंद करा. वर सांगितल्याप्रमाणे काच साफ करा, उरलेला कण सेलोटेपने उचला, एका कडेपासून टेकवत जा. फिल्मखालचे अगदी बारीक बुडबुडे एक-दोन दिवसांत आपोआप बसतात. कणाभोवतीचा बुडबुडा मात्र बसत नाही, तिथे गार्ड उचलून कण काढावाच लागतो.

काच तडकलीच तर पाणी पूर्ण बंद, वर सेलोटेप लावा आणि सर्व्हिसला न्या. बहुतेक घड्याळांत काच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे नुसती काच बदलून मिळेलच असं नाही. खर्च विचारताना एवढं आवर्जून विचारा: उघडल्यावर वॉटरप्रूफचं सील नवीन घालणार का? उत्तर गोलमोल आलं, तर दुरुस्तीनंतर ते घड्याळ पाण्यापासून लांबच ठेवा.