इंडी कुत्र्याला जर्मनीला नेताना: कागदपत्रं, क्रेट आणि पहिलं भाड्याचं घर

रस्त्यावरून आणून घरचा केलेला इंडी, म्हणजे आपला गावठी कुत्रा, आणि जर्मनीतली नोकरी, दोन्ही हवं असेल तर विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा. युरोपीय संघ ज्या देशांना रेबीजच्या बाबतीत सवलत देतो, त्यांत भारत नाही. त्यामुळे इथून जाणाऱ्या कुत्र्याची रक्ततपासणी आणि त्यापुढची तीन महिन्यांची थांबणूक चुकत नाही. कुत्रा ठणठणीत असला, दरवर्षी लस घेत असला तरी हाताशी पाच-सहा महिने ठेवा. कंपनीचं पत्र आलं की आधी तिकीट निघतं, मग डॉक्टरांकडे फेरी होते आणि घोडं तिथेच अडतं.

चिप आधी, लस नंतर

सगळ्याचा पाया म्हणजे कातडीखाली बसवायची मायक्रोचिप: आयएसओ ११७८४/११७८५ मानकाची, १५ आकड्यांची. चिप बसवण्याआधी दिलेली रेबीजची लस युरोपात धरली जात नाही. नसबंदी मोहिमेत पकडलेल्या कुत्र्यांना तेव्हाच लस मिळते, कानाला खूणही असते, पण चिप नसते. म्हणजे त्या लसीचा इथे उपयोग शून्य. चिप बसवा आणि त्याच दिवशी किंवा नंतर पुन्हा लस द्या. पिल्लू असेल तर लसीच्या दिवशी किमान १२ आठवड्यांचं हवं.

डॉक्टरांना प्रत्येक वेळी, लसीआधी आणि रक्त घेण्याआधी, चिप स्कॅन करायला लावा. चिप मानेतून खांद्याकडे सरकते, म्हणून स्कॅनर मानेवर नुसता टेकवून भागत नाही. खांदे आणि छातीवरूनही फिरवावा लागतो. लसीच्या पुस्तिकेत लसीच्या बाटलीचं स्टिकर, बॅच क्रमांक, दिलेली तारीख, मुदत संपण्याची तारीख, सही-शिक्का आणि चिपचा आकडा हे सगळं हवं. एक आकडा खोडून वर दुसरा लिहिलेला असेल, तर डॉक्टरांकडून तिथेच नवी पुस्तिका लिहून घ्या. विमानतळावर खाडाखोड कुणी समजून घेत नाही.

लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेतात आणि त्याचा सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेला द्रव, युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत जातो. मान्य प्रयोगशाळांची यादी युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर मिळते. रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं किती आहेत हे मोजणाऱ्या या तपासणीला टायटर म्हणतात. गल्लीतल्या लॅबचा टायटर चालत नाही. निकाल ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त हवा. आयुष्यात पहिल्यांदाच लस घेतलेली कुत्री एका डोसवर या रेषेखाली राहतात, असं बरेचदा घडतं. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस द्या आणि दुसऱ्या डोसनंतरचे ३० दिवस मोजा. रक्त उन्हाळ्यात कुरिअरने जाताना तापलं किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या, तर नमुनाच बाद होतो. सीरम वेगळा करून थंड पाठवणारा डॉक्टर गाठा.

एक हिशेब मांडून बघा. १ जूनला चिप आणि पहिला डोस, २९ जूनला दुसरा, ३० जुलैला रक्त. तीन महिने रक्त घेतल्याच्या दिवसापासून मोजतात, निकालाच्या दिवसापासून नाही, म्हणजे ३० ऑक्टोबर. इथे एक बारीक गोम आहे: हे तीन महिने पूर्ण झाल्यावरच सरकारी आरोग्य दाखल्यावर सही होऊ शकते, आणि त्या सहीपासून दहा दिवसांच्या आत कुत्रा युरोपात पोचायला हवा. ५ नोव्हेंबरचं विमान असेल तर सही ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर एवढ्याच फटीत बसते. मध्ये रविवार किंवा दिवाळीची सुट्टी आली तर फट आणखी अरुंद होते.

टायटर एकदा उत्तीर्ण झाला की पुन्हा करावा लागत नाही, पण अट एकच: पुढचे बूस्टर मुदतीच्या आत. एक दिवस जरी उशीर झाला तरी लस, तपासणी, तीन महिने हे सगळं पहिल्यापासून.

दाखला, आणि कुत्रा नक्की कुणाचा

दाखला केंद्र सरकारच्या पशू संगरोध आणि प्रमाणीकरण सेवेकडून मिळतो. सगळे तिला एक्यूसीएस म्हणतात. तिची केंद्रं मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूरु आणि हैदराबादला आहेत. पुणे, नाशिक, गोव्याच्या लोकांना साधारणपणे मुंबईच गाठावी लागते. वेळ आधी घ्या. लसीची पुस्तिका, टायटरचा मूळ अहवाल, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, पासपोर्ट आणि तिकीट सोबत हवं. कुत्राही न्यावा लागतो. दाखल्याचा नमुना जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत हवा, आणि सही-शिक्का छपाईच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगाचा. काळ्या छपाईवर काळी सही म्हणजे नसती डोकेदुखी. निळं पेन खिशात असू द्या.

हा सगळा मार्ग मालक स्वतः नेत असलेल्या कुत्र्यासाठी आहे. मालक किंवा त्याने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती कुत्र्यासोबत प्रवास करते. मालकाचा आणि कुत्र्याचा प्रवास फार तर पाच दिवसांच्या अंतराने झाला तरी चालतं. पण कुत्रा तिथल्या दुसऱ्या कुणाला दत्तक द्यायला निघाला असेल, तर तो ‘माझाच’ म्हणून नेणं बेकायदा आहे. मालकी बदलण्यासाठी होणारा प्रवास व्यापारी मानला जातो, त्याचे नियम वेगळे आणि कडक. दत्तक देण्यासाठी कुत्री जर्मनीत आणणाऱ्यांना तिथल्या प्राणिसंरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली परवानगी लागते. विमानात ओळखीच्या प्रवाशाबरोबर कुत्रा पाठवून देण्याची पद्धत प्रेमापोटी चालते, पण सापडल्यावर त्रास कुत्र्याला होतो. कागद चुकले की तीन शक्यता उरतात: परत पाठवणी, तुमच्या खर्चाने विलगीकरण, आणि दोन्ही जमत नसेल तर कुत्र्याला मारणं.

आणखी एक. पिट बुल, स्टॅफर्डशायर टेरिअर, बुल टेरिअर आणि त्यांचे संकर जर्मनीत कायमचे आणायला बंदी आहे. आपल्याकडे रुंद डोक्याच्या, पट्टेरी इंडीला गमतीने ‘पिट बुल मिक्स’ लिहून टाकतात. गावठीच आहे ना? मग तेच लिहा, संमिश्र जात किंवा इंडियन परिया. खरोखरच पिट बुलचा संकर असेल तर जर्मनीचा विचार सोडा.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी एर्लिकिया, बबेसिया (दोन्ही गोचिडांतून होणारे आजार) आणि हार्टवर्म (हृदयातले जंत) यांची रक्तचाचणी करून घ्या. कधीकाळी रस्त्यावर राहिलेल्या कुत्र्याला जननेंद्रियावरची संसर्गजन्य गाठ, टीव्हीटी, नाही ना हेही पाहा. गोचीडनाशक औषध प्रवासाआधी वेळेत द्या. आपल्याकडची तपकिरी गोचीड घराच्या भिंतींच्या फटींत आख्खं जीवनचक्र पूर्ण करते. भाड्याच्या घरात ती सुटली तर फवारणीचं बिल तुमच्या नावे येतं.

क्रेट

केबिनमध्ये साधारण आठ किलोपर्यंतचा कुत्रा जातो, तोही पिशवीसकट. इंडी कुत्रा पंधरा ते पंचवीस किलोंचा, म्हणजे विमानाच्या पोटात, क्रेटमध्ये, म्हणजे प्रवासाच्या पिंजऱ्यात. मापं उभ्या कुत्र्याची घ्या: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, जमिनीपासून कोपरापर्यंत, खांद्यांची रुंदी आणि जमिनीपासून सगळ्यात वरचं टोक. इंडीचे कान ताठ असतात, म्हणून उंची कानांच्या टोकापर्यंत. डोक्यापर्यंत मोजून घेतलेले क्रेट काउंटरवर नाकारले जातात. लांबी म्हणजे पहिलं माप अधिक कोपराच्या उंचीचं अर्धं, रुंदी खांद्यांच्या दुप्पट. समजा शरीर ७० सेंटीमीटर, कोपर ३४, खांदे १९, कान ६४. क्रेट आतून किमान ८७ लांब, ३८ रुंद, ६४ उंच हवा आणि त्यात अंथरुणाची जाडी मिळवा. क्लिपांऐवजी धातूचे नटबोल्ट, चारही बाजूंनी हवा, बाहेरून पाणी ओतता येईल अशी दाराला घट्ट बसवलेली वाटी.

झोपेचं औषध देऊ नका. गुंगीतल्या कुत्र्याचा रक्तदाब घसरतो, तोल जातो आणि बऱ्याच कंपन्या असा कुत्रा घेतच नाहीत. त्याऐवजी सहा-आठ आठवडे क्रेट घरात उघडा ठेवा, जेवण आतच द्या. आधी दार उघडं, मग बंद, मग बंद दाराने गाडीतून फेरी. मुंबईहून फ्रँकफर्ट आणि म्युनिकला थेट विमानं आहेत. रात्रीचं घ्या आणि एप्रिल-मे टाळा. कुत्र्याची जागा फोनवर पक्की झाल्यावरच स्वतःचं तिकीट काढा, कारण एका विमानात अशा जागा मोजक्याच असतात.

पहिल्या सहा आठवड्यांचं घर

कायमचं घर भारतातून मिळणं कठीण, म्हणून बहुतेक जण सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या घरात उतरतात. तिथे दोन गोष्टी आधी विचारा, खिडकीतून काय दिसतं ते नंतर. पहिली नोंदणीची. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्यासाठी घरमालकाचं ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हे पत्र लागतं. सुट्टीची घरं देणारे पुष्कळ मालक ते देत नाहीत, आणि नोंदणीशिवाय करक्रमांक, बँक, निवासपरवाना, कुत्र्याचा कर, सगळं लटकतं. पत्र मिळणार नसेल तर महिन्याच्या बोलीवर मिळणारं सामानासकट घर शोधा. दुसरी गोष्ट कुत्र्याची लेखी परवानगी. जाहिरातीत ‘प्राणी चालतात’ लिहिलेलं असलं तरी संदेश पाठवा: कुत्रा एक, वजन २० किलो, वय ३, नसबंदी झालेली, भारतातून येतोय. उत्तर त्याच संकेतस्थळाच्या संदेशातच राहू द्या. फोनवरच्या होकाराला वादाच्या वेळी किंमत नसते. कुत्र्यासाठीचे जादा पैसे रोजचे की एकदाच, शेवटच्या सफाईत धरलेले की वेगळे, अनामत किती, हेही तिथेच विचारा. आणि हमखास राहून जाणारा प्रश्न: कुत्र्याला घरात एकटं ठेवू देता का? बऱ्याच घरांत मनाई असते, आणि तुमचं ऑफिस पहिल्या सोमवारपासून.

मग घर कुत्र्याच्या नजरेने बघा. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला लिफ्ट, काचेचं दार, गुळगुळीत लाकडी जमीन आणि आवाज घुमणारा जिना यांची भीती वाटते. तळमजला उत्तम. चौथा मजला आणि लिफ्ट नाही, असं जुन्या इमारतीतलं घर सुंदर दिसतं, पण अडून बसलेला २० किलोंचा कुत्रा रोज चार वेळा उचलून न्यावा लागतो. ‘बाग आहे’ याचा अर्थ कुंपण आहे असा नाही. फाटकासकट संपूर्ण कुंपणाचे फोटो मागवा आणि उंची विचारा. मीटरभराचं कुंपण इंडी धावत येऊन सहज ओलांडतो. दीड मीटरच्या आत असेल तर बागेतही पट्टा लावा. बाल्कनीच्या गजांतलं अंतरही बघा.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, रविवारी दिवसभर. आपल्या गल्लीत रात्रभर भुंकणं ही कुत्र्याची ड्यूटी असते. तिथे शेजारी दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लावतात. रस्त्याकडची किंवा जिन्याला लागून असलेली खोली नको, अंगणाकडची घ्या. घर विमानतळापासून फार लांब नको. टॅक्सी ठरवताना क्रेटची मापं कळवा. साध्या गाडीत तो जोडलेला मावत नाही, म्हणून नट सोडवायचा पाना हातातल्या सामानात नाही, मोठ्या बॅगेत ठेवा. रेल्वेने जायचं तर मोठ्या कुत्र्याचं वेगळं तिकीट लागतं आणि पट्ट्यासोबत तोंडाला मुसकं बंधनकारक. मुसक्याची सवय भारतातच लावा.

स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, कारण खाणं नेता येत नाही. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात खाजगी सामानातून आणायला बंदी आहे. सुकं चिकन, पनीर, तूप सगळं जप्त होतं. वैद्यकीय कारणासाठीचं खास खाद्य तेवढं दोन किलोंपर्यंत चालतं. पहिले काही दिवस भात आणि उकडलेलं चिकन तिथेच शिजवा, मग तिथलं खाद्य थोडं थोडं मिसळा.

उतरल्यावर

कस्टम्सच्या लाल मार्गानेच जा आणि कागद आपणहून दाखवा. कार्गोने आलेला कुत्रा फ्रँकफर्टच्या अ‍ॅनिमल लाउंजमधून सोडवावा लागतो, त्याला काही तास धरा. विमानतळाबाहेर क्रेटचं दार उघडू नका. अशी कुत्री हरवतात ती पहिल्या दिवसांत, एखाद्या मोठ्या आवाजाने मागे सरकून हार्नेसमधून निसटून. बरगड्यांच्या मागे तिसरा पट्टा असलेला हार्नेस आणि गळपट्टा, दोन्हींना वेगवेगळी दोरी लावा. चिप टासो या, हरवलेल्या प्राण्यांचा शोध घेणाऱ्या संस्थेकडे त्याच दिवशी नोंदवा. नोंदणी मोफत आहे.

त्यानंतर कुत्र्याचा कर, जो गावागणिक बदलतो. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो. बर्लिन, हॅम्बुर्ग, लोअर सॅक्सनी अशा काही राज्यांत दायित्व विमाही (कुत्र्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) सक्तीचा आहे. जिथे सक्ती नसेल तिथेही काढा. कुत्र्याला पुरेसं बाहेर फिरवायचा नियम आहे. युरोपीय पाळीव प्राणी पासपोर्ट तिथल्या डॉक्टरांकडून करून घ्या. रात्री किंवा सुट्टीला दवाखाना गाठला तर उपचारांवर ५० युरोंचा तातडीचा आकार वेगळा. दिवाळीत पलंगाखाली लपणारा कुत्रा असेल तर ३१ डिसेंबरला शहराबाहेरचं घर आधीच धरून ठेवा. त्या रात्री फटाके शहरभर उडतात.

ब्रिटनला जायचं असेल तर टायटर आणि तीन महिने हेच, पण कुत्रा फक्त कार्गोने उतरतो आणि पोचण्याआधी २४ ते १२० तासांत टेपवर्मचं औषध डॉक्टरांनी देऊन नोंदवावं लागतं. आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेलाही हे औषध लागतं. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून भारतातून येणाऱ्या कुत्र्यांसाठी किमान सहा महिने वय, त्यांच्या मान्य प्रयोगशाळेचा टायटर नाहीतर २८ दिवसांचं विलगीकरण, आणि नोंदणीकृत प्राणीकेंद्रात आधी घेतलेली जागा अशा अटी घातल्या आहेत. अशी केंद्रं मोजक्याच विमानतळांवर असल्याने तिकीट तिथलंच काढावं लागतं. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट कुत्रा नेताच येत नाही, आधी त्यांच्या मान्य यादीतल्या देशात मुक्काम करावा लागतो.