जुना डेस्कटॉप बदलताना मराठी फाइली कशा न्याव्यात

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सोसायट्यांची कार्यालयं, शाळा, छोटे छापखाने, वकिलांची ऑफिसं अशा ठिकाणचे जुने डेस्कटॉप आता बदलायला निघाले आहेत आणि सगळीकडे एकच सल्ला ऐकू येतो: ‘माय डॉक्युमेंट्स पेनड्राइव्हवर घ्या, नव्यात टाका, जुना फॉरमॅट मारा.’ ज्यांच्या फाइली कृतिदेव, श्रीलिपी, किरण, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्यांनी हा सल्ला अजिबात ऐकू नये.

खरेदीचं थोडक्यात: रॅम ८ जीबी चालते, १६ घेतलीत तर बरी; ५१२ जीबीची एसएसडी पुरते. जुना मॉनिटर फक्त व्हीजीएचा असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, नुसत्या केबलने चित्र येत नाही. प्रिंटरचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, हे पैसे देण्याआधी बघा.

आता मुख्य काम.

जुन्या फॉन्टमधल्या फाइलीत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो, एवढंच. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की वीस वर्षांची इतिवृत्तं म्हणजे इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. लोकांना वाटतं फाइल बिघडली, आणि ते सगळं पुन्हा टाइप करायला बसतात. फाइल धडधाकट असते. तिच्या मजकुरावर क्लिक करा. फॉन्ट बसवलेला नसला तरी वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत त्याचं नाव दिसतं. ते नाव लिहून घ्या. प्रत्येक प्रकारच्या दोन-तीन फाइली अशा तपासा, कारण एकाच ऑफिसात तीन-चार फॉन्ट सर्रास सापडतात.

मग जुन्या मशीनवरून फॉन्ट उचला, आणि इथेच निम्मे लोक चुकतात. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर सगळे बघतात. पण विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्ट फक्त एका युजरपुरता बसवता येतो, आणि तसा बसवलेला फॉन्ट त्या फोल्डरच्या फाइलींत नसतो. तो युजरच्या नावाच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा वाटेवर असतो. ॲपडेटा लपलेला असतो, तेव्हा ‘हिडन आयटम्स’ आधी सुरू करा. दोन्हीकडचे फॉन्ट घ्या आणि नव्या मशीनवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा. इंटरनेटवरून त्याच नावाचा फॉन्ट उतरवू नका. नाव तेच असून एखाद-दुसरं जोडाक्षर वेगळ्या जागी बसवलेला फॉन्ट आला तर चूक महिन्यांनी लक्षात येते. फाइल टीटीएफ असेल तर अडचण नाही. पीएफबी-पीएफएम जोडी (जुन्या ‘टाइप १’ प्रकारचा फॉन्ट) असेल तर ऑफिस २०१३ पासून पुढे तो फॉन्ट चालतच नाही.

फॉन्ट बसला म्हणजे वाचता आलं. टाइप करता आलंच असं नाही. श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर स्वतःचा कीबोर्ड चालवतं. त्याचं डोंगल (लायसन्ससाठी मशीनला लावायचं छोटं उपकरण) आणि लायसन्स नव्या विंडोजवर चालेल का, हे विक्रेत्याला आधी विचारा. कृतिदेवमध्ये थेट टाइप होतं, पण नव्या वर्डचं ऑटोकरेक्ट वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतं आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं. दोन्ही बदलांनी दुसरंच देवनागरी चिन्ह उमटतं. जुन्या मशीनवर कोणीतरी कधीकाळी हे बंद करून ठेवलेलं असतं, म्हणून तिथे त्रास होत नाही. ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स इथे जाऊन दोन्ही बंद करा.

सगळंच युनिकोडमध्ये, म्हणजे खरी देवनागरी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, बदलून टाका, असं सांगणारेही भेटतील. सगळं बदलू नका. जुनी इतिवृत्तं, निकाल, छापून झालेली पुस्तकं यांची जुन्या मशीनवरच पीडीएफ करा आणि पीडीएफच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फॉन्टपुढे ‘एम्बेडेड’ (म्हणजे फॉन्ट पीडीएफमध्येच बसवलेला) लिहिलंय ना ते बघा. सभासद यादी, पत्रांचे नमुने, करारनामे अशा रोज लागणाऱ्या फाइलीच बदला, त्याही प्रतीवर.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर, म्हणजे फॉन्ट कन्व्हर्टर, चुकतो त्याला कारण आहे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो. कन्व्हर्टरला हे उलटं करावं लागतं आणि जोडाक्षर आलं की तो गडबडतो. म्हणून आधी त्याला ‘वर्षी, निर्मिती, स्थिती, मूर्ती, दऱ्या, कऱ्हाड, द्वितीय, ज्ञान’ एवढे शब्द देऊन बघा. यात चुकला तर दुसरा शोधा. मराठी-इंग्रजी मिश्र फाइल आख्खी त्यात ओतू नका: त्याला फॉन्ट दिसत नाही, म्हणून तो पॅन नंबर आणि ईमेलचीही देवनागरी करतो. वर्डच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये फॉन्टचं नाव देऊन मराठी मजकूर लाल करा आणि लाल तेवढाच बदला. बदललेल्या मजकुराला ‘मंगल’ किंवा ‘निर्मला’ फॉन्ट द्या. जुना फॉन्ट लागलेला राहिला तर मधले इंग्रजी शब्द वेडेवाकडे दिसतात. फोन नंबर आणि रकमा मूळ फाइलीशी एकेक करून ताडा. हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

युनिकोड टाइप करायला विंडोज ११ मध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट (देवनागरीची ठरलेली मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे) दोन्ही कीबोर्ड मिळतात.

बाकीचं पटकन. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर सरेंडर (परत) करूनच नव्यावर चालू करा. ब्राउझरचा फोल्डर कॉपी करून पासवर्ड येत नाहीत, ते वेगळे एक्स्पोर्ट करा. डीएससी टोकनचा (डिजिटल सहीच्या यूएसबीचा) ड्रायव्हर नव्याने बसवा. चार जीबीपेक्षा मोठी फाइल पेनड्राइव्ह नाकारत असेल तर तो फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला आहे, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

जुना डेस्कटॉप निदान तीन महिने चालू अवस्थेत ठेवा, कारण तुमचं मराठी जसंच्या तसं दिसतं आणि टाइप होतं अशी खात्रीची जागा तीच. नंतर हार्ड डिस्क काढून घ्या (बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा) आणि उरलेला डबा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. साडेतीन इंची डिस्क पुढे कधी वाचायची झाली तर १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेलं साटा-यूएसबी कनेक्टर लागतं. नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही.