बास ॲम्प मिक्सरला जोडला की घूंऽऽ येतं? कारण असं शोधा

बास ॲम्प, म्हणजे बास गिटारचा ॲम्प्लिफायर, एकटा चालू असतो तोवर गप्प असतो. मागच्या डीआय आउटमधून (मिक्सरला सिग्नल देणाऱ्या सॉकेटमधून) कॅनन, म्हणजे तीन पिनांची एक्सएलआर, केबल मिक्सरला गेली, की सगळ्या स्पीकरमधून घूंऽऽ सुरू. अशा वेळी पहिला हात ईक्यूकडे, म्हणजे बास-ट्रेबल कमी-जास्त करणाऱ्या नॉबकडे, जातो. लो-कट दाबला की हम, म्हणजे ही घूं, बराच कमी होतो खरा, पण बासही त्याच्याबरोबर जातो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हम 50 वर आणि त्याच्या पटीत 100, 150 वर येतो. बासची मोकळी ई तार साधारण 41 हर्ट्झला वाजते, ए तार 55 ला, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी 49 ला. म्हणजे हम बासच्या ऐन सुरांमध्येच घुसलेला असतो. मिक्सरचं लो-कट बहुधा 75 ते 100 हर्ट्झच्या खालचं उडवतं. मग बासवाल्याने वाजवायचं काय? तेव्हा ईक्यूला हात न लावता मूळ शोधा.

आधी नुसतं ऐका

जाड, एकसुरी घूं असेल तर बहुतेक वेळा ग्राउंड लूप, म्हणजे दोन वेगळे अर्थ केबलमधून एकमेकांना जोडले गेलेले. तीच आवाजाची जात जरा टोकदार, झर्रर्र अशी असेल तर बासचे पिकअप (तारांखालचे चुंबक-कॉइल), केबलची तुटलेली शील्ड (आतल्या वायरभोवतीची जाळी) किंवा लाइट मंद करणारे डिमर. सूंऽऽ म्हणजे गेन (इनपुटला सिग्नल वाढवणारा नॉब) वाढलेला. कर्र-कट्ट म्हणजे जॅक, केबल किंवा सोल्डरचा सैल झालेला टाका. आणि बारीक, वरच्या पट्टीतली किरकिर, विशेषतः मिक्सरला लॅपटॉप लावलेला असताना, चार्जरची असते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. किरकिर थांबली तर बासवर उगाच आळ नको.

मग एकेक गोष्ट सोडवा

प्रत्येक वेळी मिक्सरवर चॅनेल म्यूट करूनच केबल काढा-लावा, नाहीतर स्पीकरला दणका बसतो.

पहिल्यांदा बासचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज गेला तर दोष बासमध्ये. नाही गेला तर ॲम्पच्या इनपुटमधून जॅक काढा. आता गेला तर ती केबल बदला. इथे एक फसगत नेहमी होते: स्पीकर केबल आणि गिटार केबल, दोन्हींना तोच पी-38 जॅक (जाड गिटार जॅक) असतो. स्पीकर केबलला शील्ड नसते. ती बास आणि ॲम्पच्या मधे लावली की ती अँटेनाच होते. मधे पेडल असतील तर तीही बाजूला काढून बास थेट लावून बघा. एकाच स्वस्त अडॅप्टरवर चार पेडल चालवली की आवाज येतोच.

इनपुट रिकामं असूनही घूं चालू असेल, तर आता मिक्सरकडची कॅनन केबल काढा आणि ॲम्पचा स्वतःचा स्पीकर ऐका. तो शांत आणि केबल जोडल्यावरच गोंधळ, म्हणजे ग्राउंड लूप जवळजवळ पक्का.

खात्री करायची एक चांगली रीत आहे. केबल जोडलेली ठेवून ॲम्पचं बोर्डावरचं बटण बंद करा. घूं तशीच राहिली तर प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर ओढा. आता थांबली? मग लूपच. आपल्या बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं, अर्थची जाड पिन जोडलेलीच राहते, म्हणून बटण बंद करूनही लूप जिवंत असतो.

(ट्यूबचा ॲम्प असेल तर या तपासणीत त्याचा स्पीकर मात्र काढू नका. स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.)

लूप तोडायचा कसा

ॲम्पला त्याच्या तीन पिनी प्लगमधून एक अर्थ मिळतो. मिक्सर असतो मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, त्याला तिकडच्या बोर्डाचा अर्थ. दोन्ही अर्थ कागदावर सारखे, प्रत्यक्षात त्यांच्यात थोडा व्होल्टेजचा फरक असतो. कॅनन केबलची एक नंबरची पिन, म्हणजे शील्ड, हे दोन अर्थ एकमेकांना जोडते आणि तिच्यातून प्रवाह वाहू लागतो. तोच आपल्याला ऐकू येतो.

बिनपैशाचा उपाय म्हणजे ॲम्प आणि मिक्सर, दोन्हींची वीज एकाच ठिकाणाहून घ्या. मिक्सरपासून चांगली तीन पिनी एक्स्टेंशन स्टेजपर्यंत ओढली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. लाइटिंगचं कनेक्शन यात मिसळू नका. मोठ्या मंडपात थ्री-फेज असेल तर साउंड आणि वाद्यं एकाच फेजवर ठेवा, डिमर आणि स्टेजचे पार लाइट दुसऱ्यावर. दोन फेजमध्ये 400 व्होल्टच्या वर फरक असतो, म्हणून एखादं वाद्य एका फेजवर आणि माइक दुसऱ्यावर, असली वाटणी नकोच.

तेवढ्याने भागलं नाही तर डीआय आउटशेजारचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त कॅनन केबलची शील्ड त्या टोकाला सोडवतं. ॲम्पचा अर्थ प्लगमधून शाबूत राहतो. बटण नसेल तर मधे ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह (वीज न लागणारा) डीआय बॉक्स लावा: बासची केबल बॉक्सच्या इनपुटला, तिथून ‘थ्रू’ लिहिलेल्या सॉकेटमधून ॲम्पला, आणि कॅनन मिक्सरला. यात ॲम्पचा टोन मिक्सरला जात नाही, बासचा कोरा आवाज जातो. मला तर मंडपात तोच बरा वाटतो. ॲम्पचा टोन स्टेजवरच्या वादकांसाठी ठेवा.

ॲम्पला डीआय नसेल आणि लाइन आउट असेल, तरी तो पी-38 जॅकवर वीस-तीस मीटर ओढू नका. छोट्या केबलने डीआय बॉक्सपर्यंत या आणि पुढे कॅननवर जा. कॅननमध्ये दोन आणि तीन नंबरच्या पिनवर तोच सिग्नल सुलट-उलट जातो, त्यामुळे वाटेत घुसलेला आवाज मिक्सरमध्ये वजा होतो. स्पीकर आउट मिक्सरला कधीही लावायचा नाही. तो मिक्सरचं इनपुट जाळतो.

अर्थची पिन तोडू नका

ग्राउंड लूपवर आपल्याकडे सर्रास चालणारा इलाज म्हणजे ॲम्पच्या प्लगची जाड पिन काढून टाकणं, किंवा दोन पिनी अडॅप्टर लावणं. हम जातो, हे खरं. पण उद्या ॲम्पमध्ये फेज बॉडीला टेकली तर ती जाते बासच्या तारांवर, आणि वादकाचे ओठ असतात माइकच्या अर्थ झालेल्या जाळीवर. लिफ्टचं बटण आणि तोडलेली पिन यात हा जिवावरचा फरक आहे.

उलट बाजूही बघा. बऱ्याच जुन्या हॉलमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायर नसते. तिथेही झर्रर्र येतं आणि लिफ्ट दाबल्यावर ते वाढतं. तारांना हात लावल्यावर आवाज थोडा कमी होणं नेहमीचं आहे. पण हाताला झिणझिण्या आल्या, तर वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. जनरेटरवर कार्यक्रम असेल, मग तो सातारच्या जत्रेत असो की गोव्याच्या फेस्तात, जनरेटरची अर्थ वायर जमिनीत रोवलेल्या रॉडला लागली आहे का हे साउंड चेकच्या आधी विचारा.

लूप नसेल तर

सूंऽऽ येत असेल तर गेनचा क्रम लावा. बासचा व्हॉल्यूम पूर्ण, ॲम्पचा गेन क्लिपची लाल लाइट जेमतेम चमकेल त्याच्या जरा खाली, मग डीआयची लेव्हल, आणि सगळ्यात शेवटी मिक्सरचा गेन. आधीच्या टप्प्यात सिग्नल कमी ठेवून मिक्सरवर ओढला, की सूं त्याच्यासकट वर येते. डीआयवर प्री-पोस्ट बटण (सिग्नल ॲम्पच्या ईक्यूआधी घ्यायचा की नंतर) असेल तर प्री करा. नाहीतर ॲम्पवर वाढवलेल्या ट्रेबलची सूंही मिक्सरला जाते.

ॲम्पच्या डीआयला फँटम, म्हणजे मिक्सर केबलमधून माइकला पाठवतो ती 48 व्होल्टची वीज, लागत नाही. काही ॲम्पमध्ये ते व्होल्ट उलटे शिरून खरखर करतात. लहान मिक्सरवर फँटमचं बटण सगळ्या चॅनेलना एकच असतं. कुणाचा कंडेन्सर माइक लागलेला असेल तर बंद करता येणार नाही. तिथेही तो ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स कामाला येतो, फँटम त्याच्या पलीकडे जात नाही.

बास सिंगल कॉइलचा (एकेका कॉइलच्या पिकअपचा) असेल, फेंडरच्या जॅझ बाससारखा, तर दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम सारखे ठेवून बघा. दोन कॉइल एकमेकींचा हम खोडतात. एक नॉब खाली आणला की तो परत येतो. 1957 पासूनच्या प्रिसिजन बासमध्ये पिकअपच दोन तुकड्यांचा आहे, तिथे ही कटकट नाही. ॲम्पपासून एक पाऊल लांब जाऊन वादकाने जागेवरच हळूहळू वळून बघावं. एखाद्या दिशेला झर्रर्र एकदम पडतं. ती दिशा सापडली की उभं राहायची जागा तीच.