पाण्याचा हिशेब एकाच बाटलीत

हृदयविकार असलेल्या मुलाला डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं, समजा 900 मिली, की घरात हिशेबाचा घोळ होतो. दूध आई देते, ताक आजी, आणि गोळीबरोबरचं पाणी कुणी धरतच नाही.

1. सकाळी तेवढं पाणी एका बाटलीत भरून ओट्यावर ठेवा. मूल पिणार ते त्यातलंच.
2. दूध, ताक, सूप, आइस्क्रीम काहीही दिलं, की तेवढंच पाणी बाटलीतून काढून तुळशीला घाला. बाटलीत उरलं ते शिल्लक. वहीची गरज नाही, आजीलाही लांबून दिसतं.
3. पेला लहान घ्या. मोठा पेला अर्धा भरलेला दिसला की मुलं रुसतात. बोटभर पेला काठोकाठ भरला की खूश!

मध्येच तहान लागली तर चूळ भरायला द्या. वेफर्स, पापड, लोणचं टाळा. बर्फाचा खडाही मोजणीत धरा.

माप मात्र डॉक्टरांचंच, स्वतःहून कमी करू नका. ताप, उलट्या, जुलाब झाले तर त्याच दिवशी त्यांना फोन करा. ओठ-नखं निळसर पडणाऱ्या मुलांना पाणी कमी पडलं तर रक्त दाट होऊन गुठळी होण्याचा धोका असतो.