स्पोर्ट्स कारचा क्लच घरीच उतरवताय? या चुका टाळा

जूनमध्ये गाडी शेडात लावली, वर कव्हर टाकलं आणि थेट खंडेनवमीला धुवायला बाहेर काढली. इंजिन चालू झालं, पण गिअर काही पडेना. रिव्हर्सला तर नुसती खरखर. बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीचं असं होणं नवल नाही. पहिली चूक इथंच होते. क्लच गेला असं ठरवून माणूस गिअरबॉक्स उतरवायला घेतो.

बऱ्याचदा क्लच गेलेला नसतो. दमट हवेनं फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चाक) आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेट त्यावर दाबून धरणारा भाग) यांच्या तोंडावर गंज धरतो आणि मधली क्लच प्लेट त्याला चिकटून बसते. पेडल दाबलं तरी ती सुटत नाही. आधी क्लचचं ऑइल पाहा. ते पुरेसं असेल आणि पेडल नेहमीसारखंच घट्ट लागत असेल, तर इंजिन गरम करा, बंद करा आणि गाडी मोकळ्या मैदानात घ्या. पहिला गिअर टाकून पेडल पूर्ण दाबा आणि तसंच स्टार्ट करा. गाडी पुढं सरकणारच, म्हणून समोर माणूस, जनावर, भिंत काही नको. पेडल दाबलेलंच ठेवून अॅक्सिलरेटर एकदा द्या, एकदम सोडा. असं काही वेळा केलं की चिकटलेली प्लेट पुष्कळदा सुटते. दोन दिवसांचं काम वाचतं.

क्लच खरोखर घसरतोय का, हे चालत्या गाडीत कळतं. सरळ, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगात अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे चढले आणि वेग तिथंच राहिला, तर क्लच घसरतोय. आवाजाचीही वेगळी भाषा असते. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट सोडवणाऱ्या बेअरिंगवर. पेडल सोडल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर दुखणं गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून ताकद आत नेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचं. अशा वेळी नुसती क्लच प्लेट बदलून काही साधणार नाही. पेडल खालीच राहत असेल तर आधी मास्टर सिलिंडर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह सिलिंडर (क्लचकडचा) तपासा. काही गाड्यांत, उदाहरणार्थ निसान ३७०झेडमध्ये, स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या आवरणाच्या आतच असतो. तिथं गळती निघाली तर गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही, आणि मग त्याच वेळी क्लच बदलून घेणं शहाणपणाचं.

आता गाडी वर उचलण्याबद्दल. यात मी कुणालाही सूट देणार नाही. आपल्या भागात अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले असतात आणि हात सहज त्यांच्याकडे जातो. चिरा भिंतीत उत्तम. गाडीखाली नको. भिंतीत भार सगळीकडे पसरतो, गाडीखाली तो एका बिंदूवर येतो. त्यानं चिरा फुटतो, आणि आधी सांगून फुटत नाही. सिमेंटच्या विटांचंही तेच. गाडी फक्त लोखंडी स्टँडवर ठेवा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत तर जॅक आणि स्टँड दोन्ही रुततात, पाऊस झाल्यावर जास्तच. काँक्रीटची जमीन नसेल तर हे काम घरी करू नका. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि गाडीखाली जाण्याआधी ती हातानं जोरात हलवून बघा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढा. स्टार्टरच्या जाड वायरीत कायम करंट असतो आणि तुमचा पाना नेमका तिथंच फिरणार असतो.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, म्हणजे अबार्थ पुंटोसारख्या, इंजिन आडवं असतं. तिथं गिअर ऑइल आधी काढा, मगच ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) ओढा, नाहीतर सगळं ऑइल अंगावर येतं. बाहेरच्या टोकाला अडकलेला शाफ्ट नुसता लोंबत सोडू नका, त्याच्या जॉइंटवर ताण येतो. तारेनं स्प्रिंगला टांगून ठेवा. गिअरबॉक्सचा माउंट (त्याला गाडीला धरून ठेवणारा आधार) सुटला की इंजिन त्या बाजूला झुकतं, म्हणून माउंट सोडायच्या आधीच इंजिनाला आधार हवा. बरेच जण थेट ऑइल संपखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली जॅक लावतात. संप पातळ पत्र्याचा असला तर चेपतो, अॅल्युमिनियमचा असला तर तडकतो. मध्ये रुंद, जाड फळी घाला. वरून टांगायचा बार मिळाला तर त्याहून चांगलं.

बेल हाउसिंगचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. एक जुना पुठ्ठा घ्या, त्यावर बेल हाउसिंगचा आकार ढोबळपणे काढा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी पुठ्ठ्यात टोचून ठेवा. स्टार्टरचे बोल्टही त्यातच. लांब बोल्ट छोट्या जागी गेला तर आतल्या भागाला टेकतो, छोटा बोल्ट लांब जागी गेला तर दोन-तीन आटेच पकडतो आणि कसताना अॅल्युमिनियमचे आटे उपटून हातात येतात. पुठ्ठ्यावर हे डोळ्यांना दिसतं, डब्यात टाकलेल्या बोल्टांत दिसत नाही.

सगळे बोल्ट निघाले आणि गिअरबॉक्स हलत नाही, अशी वेळ येतेच. तेव्हा माणूस मोठा स्क्रू ड्रायव्हर फटीत घालतो. तसं करू नका. तोंडं सहसा अॅल्युमिनियमची असतात, त्यावर पडलेला खड्डा पुन्हा बसवताना आडवा येतो. एखादा बोल्ट राहिलाय का ते आधी बघा. स्टार्टरमागे किंवा खालच्या पत्र्याआड एखादा लपलेला असतो. नसेल तर डॉवेल पिनांवर (दोन्ही भाग जुळवून धरणाऱ्या खुंट्यांवर) गंज सोडवणारं तेल मारा, थांबा, मग लाकडी किंवा रबरी हातोडीनं कडेला हलके ठोके द्या.

एक चूक अशी, की तिनं चांगला गिअरबॉक्स कायमचा खराब होऊ शकतो. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचे जुने पाच गिअरवाले टर्बो मॉडेल किंवा मित्सुबिशी इव्होच्या चौथ्या ते नवव्या पिढीतल्या गाड्या, यांत रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला ढकलत नाही, ओढतं. ते प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या बोटांत अडकलेलं असतं. ते न सोडवता गिअरबॉक्स मागं खेचला तर फोर्क (बेअरिंग हलवणारा काटा) वाकतो, बोटं तुटतात. सुबारूत हाउसिंगच्या बाजूचा प्लग काढून फोर्कचा शाफ्ट आधी बाहेर घ्यावा लागतो. आपल्या गाडीचा क्लच ढकलणारा की ओढणारा, हे पाना हातात घेण्याआधी कळलं पाहिजे.

गिअरबॉक्स उतरताना तो जॅकवर पट्ट्यानं बांधा. छोट्या गाडीचाही साधारण ३५ ते ५० किलोचा असतो आणि त्याचा तोल वेडावाकडा. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण सुटेपर्यंत तो खाली झुकू देऊ नका. शाफ्टवर वजन टांगलं गेलं की प्लेटचा मधला भाग वाकतो. जुन्या प्लेटचं काही बिघडत नाही, पण परत बसवताना नव्या प्लेटचं हेच केलं तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर अडकतात. अशा वेळी दोष दुकानदाराच्या मालाला दिला जातो, मालाचा काहीच दोष नसताना.

प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक करून पूर्ण काढू नका. समोरासमोरचे घ्या, प्रत्येकाला अर्धा-अर्धा फेरा, फिरून फिरून. आतल्या स्प्रिंगचा जोर एका बाजूला आला की कव्हर वाकतं. प्लेट काढल्यावर आतली काळी भुकटी हवेच्या नळीनं उडवू नका. जुन्या प्लेटांत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्यानं पुसा, तोंडावर मास्क हवा.

आता फ्लायव्हील. निळे डाग, बारीक तडे, बोटाला लागणारे चर दिसले तर ते मशीनवर न्यायला हवं. इथं बेळगावकरांचं भाग्य. फाउंड्री आणि मशीन शॉपचं हे गाव आहे, उद्यमबागेत हे काम करणारे हात सहज सापडतात. पण सांगताना नीट सांगा. पायरी असलेल्या फ्लायव्हीलमध्ये एका पातळीवरून जेवढं काढलं तेवढंच दुसरीवरूनही काढलं पाहिजे, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो. तापून कडक झालेले डाग लेथवर नीट कापले जात नाहीत, त्याला ग्राइंडिंगच बरं. आणि ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचं फ्लायव्हील सहसा घासायचं नसतं. त्यातल्या दोन भागांमधला खेळ मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर असेल तर ते बदलायचं. त्याचा खर्च मोठा असतो, म्हणून काम काढण्याआधीच ते कुठल्या प्रकारचं आहे ते माहीत करून घ्या. फ्लायव्हीलचे बोल्ट अनेक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात.

फ्लायव्हील काढलंच असेल तर इंजिनाचं मागचं ऑइल सील डोळे घालून पाहा. तिथं ओल दिसली तर सील आत्ताच बदला. ऑइलनं भिजलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन परत बसवणं म्हणजे हेच काम पुन्हा ओढवून घेणं. रिलीज बेअरिंगही जुनं ठेवू नका.

बसवताना प्लेटची दिशा बघा, बहुतेक प्लेटांवर फ्लायव्हीलकडची बाजू लिहिलेली असते. मध्यभागी बसवायचं टूल नसेल तर लेथवाल्याकडून इनपुट शाफ्टच्या मापाचा नायलॉनचा तुकडा करून घ्या. अंदाजानं बसवू नका. स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टच्या दात्यांवर) ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, जास्तीचं उडून प्लेटवर जातं. गिअरबॉक्स शेवटपर्यंत हातानंच सरकला पाहिजे. फट राहिली म्हणून बोल्ट कसून ओढायला गेलात तर हाउसिंगचा कान तुटतो. क्रँक थोडा फिरवा, गिअरबॉक्सचा कोन सरळ करा, पुन्हा सरकवा. आणि गिअरबॉक्स बाहेर असताना घरातल्या कुणीही क्लच पेडल दाबायचं नाही. हायड्रॉलिक क्लचमध्ये स्लेव्हचा पिस्टन बाहेर पडतो. स्टिअरिंगवर चिठ्ठी चिकटवा.

नवा क्लच बसल्यावर पहिले ५०० ते ८०० किलोमीटर सौम्य चालवा, चोर्ल्याचा घाट तेवढे दिवस राहू द्या. सुरुवातीलाच गिअर जड पडत असेल तर प्रथम क्लचच्या ऑइल लाइनमधली हवा पुन्हा काढा. बऱ्याचदा एवढंच असतं. हवा निघूनही पेडल वर येत नसेल तर स्लेव्हकडे गळती शोधा. पेडल ठीक आणि तरी रिव्हर्सला खरखर, तर प्लेट उलटी बसलीय किंवा बसवताना वाकलीय. मग गाडी पुन्हा स्टँडवर चढवायची.