वावरात माणसांचे फोटो काढताना या चुका टाळा

कपाशी फुटली, आभाळ निळंभोर आहे, म्हणून भर दुपारी माणसाला वावराच्या मधोमध उभं करायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपल्याकडे मेच्या उत्तरार्धात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. नागपुरात २६ मेच्या आसपास भर दुपारी सावली पायाखालीच जाते. अशा उन्हात कपाळ चकाकतं आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. नंतर कितीही एडिटिंग करा, ते डोळे परत मिळत नाहीत. हिवाळ्यात सूर्य कललेला असतो, तरी अकरा ते तीन टाळलेलंच बरं. संध्याकाळचं कोवळं ऊन मात्र लवकर सरतं. डिसेंबरच्या सुरुवातीला नागपूरकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेचारलाच धुऱ्यावर पोचा.

दुपारीच काढायचा असेल तर सावली शोधा, पण निंबाखालची विरळ सावली नको. पानांतून पडणारे कवडसे गालावर, टोपीवर पांढरे डाग पाडतात. त्यापेक्षा घराची छपरी उत्तम. आजोबांना छपरीच्या काठापासून हातभर आत बसवा, तोंड अंगणाकडे. अंगणातला उजेड एकेक सुरकुती मऊपणे दाखवतो आणि बुबुळात एक लख्ख ठिपका उमटतो. तो ठिपका दिसला की जागा जमली. वावरातच उन्हाकडे पाठ करून उभं करावं लागलं तर चेहरा काळवंडतो, कारण काळी माती उजेड परत देत नाही. तेव्हा धुतलेलं पांढरं धोतर कुणाला तरी समोर ताणून धरायला सांगा. चेहरा लगेच खुलतो.

फुटलेल्या कपाशीत आणखी एक घोळ होतो. एवढा पांढरा रंग पाहून कॅमेरा उजेड कमी करतो. म्हणून कॅमेऱ्यात एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, +१ करा. मोबाइल असेल तर चेहऱ्यावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह वर सरकवा. हे न करता ब्यूटी फिल्टर लावून चेहरा गोरा करणं मला अजिबात पटत नाही. उन्हातान्हात राबलेल्या आईचा सावळा रंग फोटोत तसाच यायला हवा.

मोबाइल नाकाजवळ नेऊ नका, नाक फुगतं. चार पावलं मागे जा, २एक्स झूम लावा. मागे विजेचा खांब डोक्यातून उगवलेला नाही ना, तेही बघा. आणि ऊन समोरून येत असेल तर आधी डोळे मिटून घ्यायला सांगा, तीन म्हटलं की उघडायचे, तेवढ्यात क्लिक.